मी खरं तेच बोलते, मग माणसं का दुरावतात?

39 वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

मनात येईल ते बोलून टाकायची त्यांना लहानपणापासून सवय आहे. सिनेमा, मालिका, फोन, लोकांचं वागणं, विषय कोणताही असो, विचारलं तर त्या आडपडदा न ठेवता सांगतात आणि बरेचदा न विचारताही सांगतात. ‘आमच्या घरात सगळे तोंडावर गोड बोलायचे आणि पाठीमागे नावं ठेवायचे. आपण तसं व्हायचं नाही, हे मी शाळेत असतानाच ठरवलं होतं,’ असं त्या लिहितात. गेल्या काही महिन्यांत मात्र तीन प्रसंग घडले. धाकट्या भावाने नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मालिका बघायला सुचवली. यांनी तिचे दोन भाग पाहिले आणि तिथेच लिहिलं, ‘डोकं गहाण ठेवल्याशिवाय हे कुणाला बघवेल असं वाटत नाही.’ त्यावर 11 जणांनी हसरे चेहरे टाकले. भाऊ काहीच बोलला नाही. नंतर कळलं की त्याची नोकरी गेली होती आणि त्या काळात रात्री झोप येत नसताना त्याने ती मालिका पाहिली होती. दुसरा प्रसंग जुन्या मैत्रिणीचा. तिचा अडीच वर्षांचा मुलगा फोन बघत जेवत होता. ‘मुलाच्या हातात फोन देणं म्हणजे आईबापांचा आळस,’ असं या बोलून गेल्या. त्याला दोन महिने झाले, मैत्रिणीचा फोन नाही. तिसरा प्रसंग मावसबहिणीचा. तिने काही वर्षं नोकरी सोडून घरी राहायचं ठरवलं, त्यावर यांचे शब्द होते, ‘एवढं शिकून शेवटी हेच?’

शेवटी भाऊच म्हणाला, ‘ताई, तुला काही सांगायची भीती वाटते गं.’ तेव्हापासून सहा आठवडे त्या गप्प आहेत. ग्रुपवर काहीही आलं की अंगठा देऊन मोकळ्या होतात. ‘हे खोटं जगणं मला सहन होत नाही. ऑफिसात तोलून बोलावं लागतं, तिथे इलाज नसतो. आमचे मोठे काका आजारांवरचे वाट्टेल ते उपाय ग्रुपवर पाठवतात, त्यांच्याशी कोण वाद घालणार, म्हणून तेही सोडून देते. पण घरच्यांशीसुद्धा असंच वागायचं? मी आता खोटं गोड बोलायला शिकायचं, की आहे तशीच राहून एकटं पडायचं?’

*

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. तिन्ही प्रसंगांत तुम्ही स्वतःची बाजू सावरून घेतलेली नाही. भावाच्या नोकरीचा उल्लेख टाळला असता तर तुमचं वाक्य एखाद्या मालिकेवरचा साधा शेरा वाटलं असतं. तुम्ही तो टाळला नाहीत. हसरे चेहरेसुद्धा मोजून लिहिलेत. इतक्या प्रामाणिक पत्राला गुळमुळीत उत्तर देणं बरोबर होणार नाही, म्हणून मला जसं दिसलं तसं सांगते.

तुम्ही माझ्यापुढे दोनच वाटा ठेवल्या आहेत, खोटं गोड बोलायचं किंवा आहे तसं राहायचं. या दोन वाटा आल्या कुठून? तुमच्या लहानपणच्या घरातून. तिथे जे गोड बोलत ते खोटे निघाले, त्यामुळे खरं बोलायचं तर ते कडूच असणार, असं एका शाळकरी मुलीने मनाशी पक्कं केलं. त्या वयात त्या निश्चयाने तुमचं भलंच केलं असेल. पण त्या घरात वाईट काय होतं, हे आज पुन्हा एकदा आठवून बघा. पाठीमागे नावं ठेवणं वाईट होतं. तोंडावर बरं बोलणं वाईट नव्हतं. राग यायला हवा होता दुटप्पीपणाचा, तुम्ही तो धरलात गोडव्यावर. गेली तीसेक वर्षं तुम्ही मऊ बोलणाऱ्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघत आला असाल, तर मला नवल वाटणार नाही.

आपल्या भाषेत अशा बोलण्याला किती शब्द आहेत बघा. स्पष्ट, रोखठोक, परखड, सडेतोड, फटकळ, खवचट, कुजकट. बोलणाऱ्यांनी इतके वेगळे शब्द घडवले ते उगाच नाही. यातले परखड आणि फटकळ हे दोन शब्द शेजारी ठेवा. दोघंही खोटं बोलत नाहीत. पण परखड माणसाकडे लोक आपणहून सल्ला मागायला जातात आणि फटकळ माणसाला सांभाळून घेतात. परखड माणसाचं बोलणं झालं की त्यावर पुढे बोलता येतं, विचारता येतं, भांडताही येतं. फटकळ माणसाचं वाक्य आलं की विषयच मिटतो. तुमची तिन्ही वाक्यं मोठ्याने वाचून बघा. ‘डोकं गहाण ठेवल्याशिवाय’ यावर भावाने काय म्हणायचं होतं? ‘हो, ठेवलं होतं गहाण’? ‘एवढं शिकून शेवटी हेच?’ या प्रश्नाला उत्तर देता येईल अशी जागाच नाही. प्रश्नचिन्ह आहे, पण तो प्रश्न नाही.

तुम्ही याला स्वभाव म्हणता. मला ते पटलेलं नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. ऑफिसात तुम्ही तोलून बोलता. काकांशी बोलतच नाही. म्हणजे शब्द गिळणं, वेळ बघणं, समोरचा कोण आहे हे ओळखणं, हे सगळं तुम्हाला उत्तम येतं. ते कुठे वापरायचं आणि कुठे नाही, हे तुम्ही ठरवता. धाकटा भाऊ, मावसबहीण, जुनी मैत्रीण. जी माणसं उलटून बोलणार नाहीत, ज्यांच्या नाराजीने तुमचं फारसं काही बिघडत नाही, त्यांच्याच वाट्याला तुमचा स्पष्टपणा आला. वरिष्ठ आणि काका सुटले. पाणी उताराकडे धावतं तसं हे झालं आहे. हे वाचून तुम्हाला लागेल, याची मला जाणीव आहे. पण परखडपणाचा कस कुठे लागतो असं मला कुणी विचारलं, तर मी आधी हेच बघते की हा माणूस आपल्यापेक्षा मोठ्या, वजनदार माणसासमोर काय बोलतो.

इथे तुमच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. तुमच्या जागी तुमचा भाऊ असता आणि तो हेच बोलला असता, तर निम्म्या लोकांनी त्याला ‘स्पष्टवक्ता’ म्हणून वाखाणलं असतं. बाईच्या तोंडचं तेच वाक्य फटकळ ठरतं, पुरुषाच्या तोंडचं सडेतोड. हा अन्याय आहे आणि तुम्ही तो भोगला असणार. तरीही भाऊ जेव्हा ‘भीती वाटते’ म्हणाला, तेव्हा तो बायकांनी कसं बोलावं याबद्दल बोलत नव्हता. स्वतःबद्दल बोलत होता. त्याचं म्हणणं या अन्यायाच्या खात्यात टाकून विसरू नका.

आता तीन प्रसंगांकडे येऊ. तुम्ही तिन्हींना एकच शब्द वापरला आहे, ‘मत’. माझ्या मते घोळ तिथेच आहे. मालिका आवडली नाही ही तुमची आवड झाली. लहान मुलाला फोन द्यावा की नाही, यात पडताळून बघता येईल अशी माहिती आहे. आणि मावसबहिणीने घरी राहावं की नाही, हा दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय आहे. आवड, माहिती आणि निवाडा या तिघांनाही ‘माझं स्पष्ट मत’ अशी एकच चिठ्ठी लावली, की तिन्ही सारख्याच ठामपणे बोलता येतात. तसं बोलायचा हक्क मात्र तिन्ही ठिकाणी सारखा नसतो.

आवडीचं बघा. आपल्याला वाटतं की निदान आवड तरी शंभर टक्के आपली स्वतःची असते. 2006 साली कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी कलाकारांची 48 गाणी एका वेबसाइटवर ठेवली आणि 14 हजारांहून जास्त लोकांनी ती ऐकली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांची आठ स्वतंत्र गटांत वाटणी केली होती आणि आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं, हे त्यांना दिसत होतं. सगळ्या गटांची सुरुवात एकसारखी होती, तरी प्रत्येक गटात वेगवेगळी गाणी वर गेली. एका ठिकाणी डोक्यावर घेतलेलं गाणं दुसरीकडे कुणी विचारलंही नाही. फार चांगली गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा माथ्यावर पोचली नाहीत, पण मधल्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं. हे तुम्हाला सांगते आहे कारण एखादी कलाकृती टाकाऊ आहे असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्यात आपण ती कधी, कुठे, कुणाच्या संगतीत पाहिली, हेही बोलत असतं. तुम्ही दोन भाग पाहिलेत, बहुधा संध्याकाळी, कामं आटपल्यावर. भावाने ती रात्री जागून पाहिली, नोकरी गेलेली असताना. पडद्यावर दोघांना तेच दिसलं. पाहिलं दोघांनी वेगळं.

आणि घरातलं कुणी ‘हे बघ’ म्हणून काही सुचवतं, तेव्हा ते समीक्षा मागत नसतं. फार थोडी माणसं ‘मला सध्या फार एकटं वाटतंय’ असं सरळ म्हणू शकतात. बाकीची एखादं गाणं पाठवतात, एखादा सिनेमा सुचवतात. तुम्हाला ते आधी कळायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. मनकवडेपणा कुणालाच येत नाही. पण एक गोष्ट तुमच्या हातात होती. ‘तुला यात काय आवडलं?’ एवढं विचारायचं, आणि उत्तर ऐकायचं. ऐकून झाल्यावर ‘मला नाही रे धरून ठेवलं तिने, दोन भागांतच सोडली’ असं म्हणायला काहीच हरकत नव्हती. हे शंभर टक्के खरं आहे आणि यात मालिकेला नावं ठेवूनही भावाचं डोकं शाबूत राहतं. तुमच्या मूळ वाक्यात मालिकेपेक्षा ती बघणाऱ्यावरच जास्त शेरा होता. ते वाक्य पुन्हा वाचा, कळेल.

मैत्रिणीच्या प्रसंगात तर तुमची माहिती बरोबर होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ज्या सूचना दिल्या, त्यात दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त बसवू नये, त्याहून कमी असेल तितकं चांगलं, असं म्हटलं आहे. हे तुम्ही मैत्रिणीला सांगू शकला असता. तुम्ही सांगितलंत काय? की ती आळशी आहे. तिचं मूल दिवसाला किती वेळ फोन बघतं, तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुमच्या घरी येऊन तुमच्याशी दोन शब्द निवांत बोलता यावेत म्हणूनच तिने ती दहा मिनिटं विकत घेतली असतील, ही शक्यता तुमच्या मनात आली का? अडीच वर्षांचं मूल घेऊन कुणाच्या घरी जाणं किती जिकिरीचं असतं, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. बरोबर माहितीवर चुकीचा निवाडा बसवला, की माहितीही वाया जाते. आता ती बाई फोनबद्दल कधी वाचेल तेव्हा तिला जागतिक आरोग्य संघटना आठवणार नाही, तुम्ही आठवाल.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत हे हल्ली फार होतं, आणि फक्त तुमच्याकडून नाही. कोण किती वेळ फोनवर असतो, कोण एआयकडून पत्र लिहून घेतो, कोण सार्वजनिक ठिकाणी स्पीकर लावून बोलतो, यावर आपण लगेच त्या माणसाचं चारित्र्य ठरवून मोकळे होतो. स्पीकर लावणाऱ्याला ‘जरा आवाज कमी करता का?’ म्हणणं योग्यच आहे, कारण त्याचा त्रास आत्ता आपल्या कानाला होतो आहे आणि तो कमी करणं त्याच्या हातात आहे. याला मी गरजेचा स्पष्टपणा म्हणेन. ‘तुमच्यासारख्या लोकांना अक्कलच नसते’ हे त्यापुढचं वाक्य. पहिल्या वाक्याने आवाज कमी होतो. दुसऱ्याने भांडण होतं आणि आवाज तेवढाच राहतो.

मावसबहिणीबद्दल मी फार लिहीत नाही. तिने तुम्हाला सल्ला विचारला नव्हता, निर्णय कळवला होता. पैशाचं काय, पुन्हा नोकरी मिळेल का, अशी काळजी तुम्हाला खरंच वाटत असेल तर ती काळजी म्हणून सांगा, एकदाच, दोघीच असताना. त्यानंतर विषय तिचा.

एक प्रसंग मला आठवतो. लिहायला लागून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा मी एका संपादकांकडे एक मोठा लेख दिला होता. त्यांनी बोलावून घेतलं, समोर बसवलं आणि म्हणाले, ‘तिसऱ्या परिच्छेदापासून तुम्ही वाचणाऱ्याला विसरलात.’ लेख त्यांनी छापला नाही. पण तासभर माझ्याबरोबर बसून त्यांनी कागदावर पेन्सिलीने दाखवलं की मी कुठे विसरले, कुठे मिरवलं, कुठे घाई केली. इतकं कठोर मला कुणी बोललं नव्हतं आणि तरी मी तिथून बाहेर पडले ती लेख पुन्हा लिहायच्या घाईत. खूप वर्षांनी लक्षात आलं की त्यांनी मला शब्दांबरोबर त्यांचा एक तासही दिला होता. कठोर बोलायचं असेल तर तेवढा वेळ जवळ असावा लागतो. तुमच्या तिन्ही वाक्यांना मिळून एक मिनिटही लागलं नसेल.

शिवाय पहिलं वाक्य तुम्ही लिहिलंत, तेही ग्रुपवर. लिहिताना आपल्याला आपला सूर मनात ऐकू येत असतो, वाचणाऱ्याला तो येत नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना काही वाक्यं एकमेकांना पाठवायला सांगितली होती, काही गंभीर आणि काही उपरोधाची. ईमेलने पाठवणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याला आपला सूर 78 टक्के वेळा बरोबर कळेल. प्रत्यक्षात तो 56 टक्के वेळाच कळला. म्हणजे नाणं उडवून ठरवलं असतं तरी फार फरक पडला नसता. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा आकडा 73 च्या घरात गेला. तुम्ही ते वाक्य गमतीत लिहिलं असेल. फोनवर बोलला असतात तर भावाच्या आवाजातला फरक तुम्हाला तिथल्या तिथे कळला असता आणि तुम्ही थांबला असता, याची मला जवळजवळ खात्री आहे. म्हणून माझी एक सोपी विनंती आहे. कौतुक खुशाल ग्रुपवर करा. नापसंती मात्र बोलून सांगा, एकाला एक.

त्या 11 हसऱ्या चेहऱ्यांचंही बोलायला हवं. तुम्ही ते मोजलेत, म्हणजे ते तुम्हाला सुखावून गेले. त्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळ्यांनाच सुखावतात. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 साली ट्विटरवरच्या 7,331 लोकांच्या सव्वा कोटीहून जास्त ट्वीटचा अभ्यास मांडला. संतापाच्या ट्वीटला ज्यांना जास्त लाइक आणि शेअर मिळाले, ते पुढे आणखी संतापाने लिहायला लागले, असं त्यात दिसलं. संताप मनातून येतो असं आपल्याला वाटतं, पण त्याचा रियाज प्रेक्षक करून घेतात. तुमच्या ग्रुपमध्येही हेच होत असणार. तुमच्याकडून झणझणीत काहीतरी येईल याची लोक वाट बघतात आणि तुम्ही ते देता. हसणाऱ्यांचं काही जात नाही. भाऊ मात्र तुमचा होता. पुढच्या वेळी एखादं चटकदार वाक्य सुचलं तर स्वतःला एवढंच विचारा की हे मी ज्याच्याबद्दल आहे त्याच्यासाठी लिहिते आहे, की बाकीच्यांसाठी?

आता तुमच्या सहा आठवड्यांच्या मौनाबद्दल. ते ताबडतोब सोडा. ते मला त्या तीन वाक्यांइतकंच काळजीचं वाटतं. न पाहिलेल्या, न पटलेल्या प्रत्येक गोष्टीला अंगठा देणं म्हणजे तुमच्या लहानपणच्या घरात परत जाऊन बसणं आहे, आणि म्हणूनच तुम्हाला ते सहन होत नाही. प्रत्येक गोष्टीवर काहीतरी म्हणायलाच हवं, हे कुणी ठरवलं? काही न लिहिणं खोटं नसतं. ‘अजून पाहिलं नाही’ हे खरं उत्तर आहे. ‘हा माझा प्रकार नाही, पण तुला मजा आली हे वाचून बरं वाटलं’ हेही खरं असेल तर जरूर लिहा, नसेल तर लिहू नका.

जिथे बोलायला हवं तिथे मात्र बोला, कारण तुमच्यासारख्या माणसाची तिथे फार गरज असते. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात केलेले प्रयोग तुम्ही कदाचित ऐकले असतील. कोणती रेघ कोणत्या रेघेइतकी लांब आहे, एवढंच सांगायचं. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. बिचारा खरा सहभागी डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही सुमारे एक तृतीयांश वेळा इतरांसारखं चुकीचं बोलायचा. मात्र त्या गर्दीतल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी या चुका आधीच्या एक चतुर्थांशावर यायच्या. खोलीतल्या सगळ्यांचं मन वळवायची गरज नसते. एकाने बोललं की दुसऱ्याला बोलायचा धीर येतो. तुमच्या ग्रुपमध्ये काकांचा मेसेज वाचून अस्वस्थ होणारं कुणीतरी नक्की असेल, आणि तो उपाय खरा मानून औषध थांबवणारंही कुणी असू शकेल. मालिकेबद्दल तुम्ही गप्प राहिला असतात तर कुणाचंच नुकसान नव्हतं. इथे गप्प राहण्याने होऊ शकतं. आणि नेमकं इथेच तुम्ही ‘कोण वाद घालणार’ म्हणून सोडून देता.

काकांना ग्रुपवर झाडायचं असं मी सुचवत नाही. आधी त्यांना फोन करा. ‘काका, तुम्ही काळजीने पाठवता हे मला कळतं. पण हा मेसेज मी डॉक्टरांना दाखवला, त्यांनी हे करू नका असं सांगितलं. तुम्हीच ग्रुपवर लिहाल का?’ असं म्हणून बघा, आणि डॉक्टरांना खरंच दाखवा. त्यांनी नाही लिहिलं तर मग तुम्ही दोन ओळीत लिहा, ना टोमणा, ना हसरा चेहरा. तुमचा आवाज थोडा कापेल. कापू द्या. भावाच्या मालिकेबद्दल लिहिताना तो कापला नव्हता, हे लक्षात असू द्या.

माफीचं थोडं सांगते, कारण रोखठोक माणसांना माफी मागणं जड जातं. त्यांना वाटतं की माफी मागितली म्हणजे आपण आपलं मत मागे घेतलं. मालिका तुम्हाला आवडली नाही, ती उद्याही आवडू नका देऊ. माफी त्या वाक्याची मागायची आहे. आणि ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ असं म्हणू नका. त्या ‘असेल तर’मध्ये सगळी चूक समोरच्याच्या गळ्यात पडते. मैत्रिणीला सरळ सांगा, ‘मी तुला आळशी म्हणाले, ते चूक होतं. तुझा दिवस कसा जातो हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.’ मग थांबा. स्पष्टीकरण देऊ नका. ती रागावली तर रागावू द्या, लगेच सगळं पूर्ववत होईल अशी अपेक्षाही ठेवू नका. जमलं तर एखाद्या दुपारी तिच्याकडे जा आणि तासभर मुलाला खेळवा, तिला निवांत जेवू द्या. भावाला जे लागलं ते चारचौघांसमोर लागलं, म्हणून त्याच्याशी आधी खासगीत बोला आणि त्याची हरकत नसेल तर ग्रुपवरही एक ओळ लिहा. नोकरीचा विषय तिथे काढू नका. ‘त्या दिवशी मी मालिकेबद्दल जे लिहिलं ते उगाच लिहिलं’ एवढं पुरे.

या पत्रातल्या भावाच्या जागी असलेले वाचकही हे वाचत असतील, त्यांना दोन शब्द. तुमच्या घरातल्या ताईला किंवा दादाला ‘तू फार फटकळ आहेस’ असं सांगून काही होत नाही, ते त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं आणि बरेचदा अभिमानाने ऐकलेलं असतं. कोणतं वाक्य, कधीचं, आणि त्याने तुमचं काय झालं, हे सांगा. या भावाने ‘भीती वाटते’ असं म्हटलं आणि सहा आठवडे त्याची बहीण झोपेतून जागी झाल्यासारखी विचार करते आहे. त्यालाही हे म्हणायला बळ लागलं असणार. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणात खरा परखड तोच बोलला.

तर ताई, पहिला फोन त्याला करा. मालिकेचे उरलेले भाग बघून झाल्यावर करू असं म्हणू नका, आजच करा. तिसऱ्या भागात काय होतं ते त्यालाच विचारा. तो सांगायला लागला तर मध्ये बोलू नका. सांगता सांगता तो मालिका सोडून त्या रात्रींबद्दल बोलायला लागेल कदाचित. तसं झालं तर त्याला पुरतं बोलू द्या, आणि मग तुम्हाला खरंच जे वाटेल ते बोला.